बॅकअप ९९ टक्क्यांवर अडकतो तेव्हा

प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम, जिवंत आहे, सीपीयू शून्यावर आहे, लॉगमध्ये एकही एरर नाही आणि काम मात्र ठप्प. हे लक्षण तुमच्या वाट्याला आलं असेल तर पुढचं तुमच्यासाठी आहे. मला यातून सुटायला नोव्हेंबर २०२४ ते जुलै २०२५ एवढा काळ लागला, आणि त्यातला बराचसा नुसता वाट बघण्यात गेला. शोधाशोध करताना जे एका जागी कुठेच मिळालं नाही, ते घडलं त्या क्रमाने लिहून ठेवतोय.

मी जुळे सोलापुरात राहतो आणि एका लहान कंपनीचं बॅकअपचं सॉफ्टवेअर सांभाळतो. गिऱ्हाईकं इथलीच. अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेल-चादरीचे कारखाने, एक-दोन पतसंस्था. कारखान्याचा डेटा म्हणजे जॅकार्डच्या डिझाइन फाइली, हिशेब, एक्स्पोर्टची कागदपत्रं. रात्री अकरानंतर हे सगळं बॅकअपच्या मशीनवर उतरतं. तळाशी सी भाषेतली एक मुक्तस्रोत लायब्ररी आहे. तिच्यात एक इव्हेंट लूप, म्हणजे मुकादम, आणि त्याच्या हाताखाली चार वर्कर थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणारे कामगार. लूपने काम वाटायचं, वर्करने डिस्कवर लिहून, एफसिंक करून (म्हणजे लिहिलेलं खरोखर डिस्कवर उतरवून घेऊन), झालं म्हणून कळवायचं. कळवण्यासाठी प्रत्येक वर्करची स्वतःची एक रिंग, म्हणजे मेमरीतली गोल रांग, आणि लूप झोपला असेल तर त्याला उठवायला एक इव्हेंटएफडी, म्हणजे लिनक्सने दिलेला एक काउंटर: त्यात लिहिलं की झोपलेला उठतो.

दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले आणि एका सकाळी अण्णांचा फोन आला. ते एका कारखान्याचं ऑफिस बघतात.

"ओ सर, तुमचं ते बॅकअप रात्रीपासनं नव्याण्णववरच बसलंय की. पुढं बी जाईना, मागं बी येईना."

रीस्टार्ट केलं, चाललं. डिस्क जुनी होती, तिच्यावर संशय घेऊन विषय मिटवला गेला. डिसेंबरात तेच दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे झालं, आणि तिथली डिस्क कोरी करकरीत होती. दोन्हीकडे साम्य एकच, अडकायचं ते शेवटाला. निम्म्यावर कधीच नाही. हा धागा पुढे फार कामाचा निघाला, तेव्हा तुमच्याकडे असं काही झालं तर नेमकं कुठे अडकलं याची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा.

आमच्या सरांनी सुचवलेला उपाय सगळ्यांना सुचतो तोच होता. लूप ईपोल-वेटमध्ये, म्हणजे हाकेची वाट बघत थांबायच्या सिस्टिम कॉलमध्ये, अमर्याद वेळ झोपतो, त्याला एक सेकंदाची मुदत द्या. उठेल, रिंगा बघेल, काम दिसलं तर करेल. गिऱ्हाईक खोळंबलेलं असताना ही मलमपट्टी मी केलीच, पण एक अट घालून: मुदत संपल्यामुळे लूप उठला आणि रिंगेत काम पडलेलं सापडलं, तर लॉगमध्ये ठळक ओळ यायलाच पाहिजे. नुसती मुदत घातली की बग दिसेनासा होतो, जात नाही. लॉग घातला की तोच बग स्वतःची हजेरी लावायला लागतो. अण्णांचं मशीन मात्र मी मुद्दाम जुन्याच कोडवर ठेवलं, त्यांना विचारून. सकाळी अडकलेलं दिसलं तर कशालाही हात न लावता आधी मला फोन करायचा, एवढंच ठरलं.

तो फोन संक्रांतीच्या आसपास आला. गड्ड्याची यात्रा भरलेली, नंदीध्वजांच्या मिरवणुकीने अर्धे रस्ते बंद, त्यामुळे प्रत्यक्ष जाण्याचा प्रश्नच नव्हता. घरून लॉगिन केलं. "कशालाच हात लावला नाही ओ, माउसला पण नाही," अण्णांनी आधीच सांगून टाकलं.

सवयीने जीडीबी, म्हणजे चालू प्रोग्रॅमच्या आत बघायचा डीबगर, जोडला. जोडताक्षणी बॅकअप १०० टक्के झाला.

अर्धा मिनिट मी नुसता स्क्रीनकडे बघत बसलो. दोन महिने ज्याची वाट बघितली ते समोर आलं आणि हात लावताच गेलं. याचं कारण सिग्नलच्या (प्रोसेसला मध्येच मिळणाऱ्या इशाऱ्याच्या) मॅन्युअल पानावर, म्हणजे सातव्या विभागातल्या, सरळ लिहिलेलं आहे. जीडीबी जोडताना प्रोसेसला क्षणभर थांबवतो. लिनक्सवर ईपोल-वेटमध्ये झोपलेला थ्रेड असा थांबून पुन्हा सुरू झाला की ती कॉल ईआयएनटीआर (मध्येच व्यत्यय आला) हा कोड घेऊन परत येते, मग सिग्नलचा हँडलर, म्हणजे तो हाताळणारा कोड, लावलेला असो वा नसो. लूप जागा होतो, पुन्हा झोपण्याआधी रिंगांवर नजर टाकतो आणि त्याला ते पडून राहिलेलं काम दिसतं. स्ट्रेस (strace, सिस्टिम कॉल दाखवणारं साधन) जोडलात तरी हेच होणार. एका अर्थाने हा पुरावाच होता. काम रिंगेत होतं, फक्त लूपला कोणी उठवलं नव्हतं.

पण "असावं" आणि "आहे" यात फरक असतो. पुढच्या वेळी प्रोसेसला न थांबवता बघायचं ठरवलं. तुमच्यावर ही वेळ आली तर प्रोक फाइलसिस्टिममध्ये (कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तिथे प्रोसेसची माहिती फाइलींसारखी दाखवतो) तीन जागा बघा, सगळ्या सुडोने, म्हणजे अॅडमिनच्या परवानगीने.

पहिली, प्रत्येक थ्रेडच्या फोल्डरमधली डब्ल्यूचॅन. थ्रेड कर्नलच्या कुठल्या फंक्शनमध्ये झोपलाय ते ती सांगते. आमचा लूप ईपी-पोलमध्ये (ईपोलच्या झोपेत) होता आणि चारही वर्कर फ्युटेक्सच्या (थ्रेडना थांबवून ठेवणाऱ्या सोयीच्या) रांगेत, म्हणजे सगळेच एकमेकांची वाट बघत. परवानगी नसेल तर या फाइलीत नुसतं शून्य दिसतं, त्यावरून भलता निष्कर्ष काढू नका.

दुसरी, एफडीइन्फो, म्हणजे प्रोसेसने उघडलेल्या फाइलींची माहिती. इव्हेंटएफडीच्या नंबराची फाइल उघडली की त्यात त्या क्षणाचा काउंटर छापलेला असतो. इथे दोन शक्यता वेगळ्या होतात. काउंटर शून्यापेक्षा जास्त असेल तर हाक मारली गेली, पण लूपने ऐकली नाही. शून्य असेल आणि लूप झोपलेलाच असेल, तर हाक मारलीच गेली नाही. फेब्रुवारीत पुन्हा अडकलं तेव्हा काउंटर शून्य होता.

तिसरी, मेम. प्रोसेसला न थांबवता तिची मेमरी यातून वाचता येते. रिंगेचा पत्ता सुरुवातीलाच लॉगमध्ये छापून ठेवला होता, त्यामुळे हेड (लूपने कुठवर उचललं) आणि टेल (वर्करने कुठवर ठेवलं) वाचणं दहा ओळींच्या पायथनचं काम झालं. एका वर्करच्या रिंगेत टेल हेडच्या एक पुढे. एक काम पूर्ण झालेलं, नोंदवलेलं, आणि त्याची खबर न मिळालेला लूप गाढ झोपेत. शिवाय "लूप झोपलाय" हा फ्लॅग, म्हणजे मेमरीतली खूण, १ होता. म्हणजे लूपने झोपतोय असं सांगून झोप घेतली, वर्करने काम ठेवलं, आणि तरीही वर्करने त्याला उठवलं नाही.

त्याच सुमारास, जानेवारी २०२५ च्या शेवटी, ग्लिबसी, म्हणजे लिनक्सवरची मूळ सी लायब्ररी, तिची २.४१ आवृत्ती आली. तिच्यात कंडिशन व्हेरिएबलचा (थ्रेडना थांबवायच्या आणि सिग्नल देऊन उठवायच्या साधनाचा) एक जुना बग दुरुस्त झाला होता, २०२० मध्ये नोंदवलेला. क्वचित प्रसंगी सिग्नल देऊनही थांबलेला थ्रेड उठत नसे. हे वाचून आमचे सर खुश झाले, की आपला दोष नाही, लायब्ररी अपडेट करू आणि मोकळे होऊ. पण आमचा अडकलेला लूप कंडिशन व्हेरिएबलवर झोपतच नव्हता, ईपोलमध्ये झोपत होता. डब्ल्यूचॅनची ती एक ओळ हाताशी नसती तर आम्ही सगळी गिऱ्हाईकं अपडेट करत फिरलो असतो.

मग कोड घेऊन बसलो. लूपची बाजू अशी: आधी फ्लॅग १ करायचा, मग रिंगा पुन्हा तपासायच्या, रिकाम्या असतील तरच झोपायचं. वर्करची बाजू: आधी काम रिंगेत ठेवायचं, मग फ्लॅग बघायचा, १ असेल तर इव्हेंटएफडीवर लिहायचं. कितीही वेळा वाचा, क्रम बरोबरच आहे. दोघांनीही आधी आपलं सांगायचं आणि मग दुसऱ्याचं बघायचं, म्हणजे दोघांपैकी किमान एकाला तरी दुसऱ्याचं दिसायलाच हवं.

आमच्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तेही अवेळी. समजा, शेजारच्या काकूंशी ठरलंय: माझ्या दारावर "झोपलोय" अशी चिठ्ठी असेल तर पाणी आल्यावर दार वाजवायचं, नसेल तर मी जागा आहे, माझं मी बघेन. मी चिठ्ठी लावतो, नळ एकदा तपासतो, कोरडा आहे, झोपतो. यात चूक काहीच नाही. पण चिठ्ठी लावली असं मला वाटतंय आणि ती अजून माझ्या खिशातच असेल तर? मी नळ बघितला तो कोरडा. त्याच क्षणी पाणी सुटलं, काकूंनी माझं दार बघितलं, चिठ्ठी नाही, त्या निघून गेल्या. मग चिठ्ठी दारावर लागली आणि मी झोपलो.

प्रोसेसरमध्ये तो खिसा खरोखर असतो, त्याला स्टोर बफर म्हणतात. कोअरने लिहिलेली किंमत थोडा वेळ तिथे राहते आणि तेवढ्यात तोच कोअर पुढचं वाचन उरकून मोकळा होतो. एआरएम जातीच्या प्रोसेसरवर तर असं होतंच, पण नेहमीच्या पीसीतला, शिस्तीचा समजला जाणारा एक्स८६ सुद्धा ही एक सूट घेतो: आधीचं लेखन आणि नंतरचं, दुसऱ्या पत्त्यावरचं वाचन यांची अदलाबदल. कोडमध्ये क्रम सांभाळायच्या खुणा म्हणून लेखनाला रिलीज आणि वाचनाला अ‍ॅक्वायर लावलेलं होतं. वाचताना भक्कम वाटतं, पण रिलीज-अ‍ॅक्वायर ही जोडी नेमकी हीच अदलाबदल थांबवत नाही. तिथे पूर्ण बॅरियर (आधीचं लेखन बाहेर दिसल्याशिवाय पुढचं वाचन करू न देणारी सूचना) लागतो, नाहीतर सिक्वेन्शियली कन्सिस्टंट (सगळ्यांना एकाच क्रमाने दिसणारे) व्यवहार, आणि तोही दोन्ही बाजूंना. एकाच बाजूला घातला तर काही उपयोग नाही.

शेवटालाच का अडकायचं, त्याचं उत्तरही यातच आलं. एखादी हाक हुकली तरी पुढचं काम पूर्ण झालं की त्याची हाक लूपला उठवते आणि जाता जाता आधीचंही उरकलं जातं. वर्दळीत हुकलेल्या हाका कोणाला कळतच नाहीत. ज्याच्यामागे दुसरं काही येणार नाही असं काम म्हणजे शेवटच्या फाइलीचा एफसिंक. तो हुकला की संपलं.

हा आजार आमचा एकट्याचा नाही, हे कळल्यावर जरा धीर आला. आयओ-युरिंग, म्हणजे कर्नलकडे वाचण्या-लिहिण्याची कामं रिंगांमधून सोपवायची सोय, लिनक्स ५.१ मध्ये, २०१९ साली आलं. त्यात कर्नलचा पोलिंग थ्रेड, म्हणजे रिंगेवर नजर ठेवणारा, झोपायला गेला की "मला उठवा" असा फ्लॅग लावतो, आणि मॅन्युअल बजावतं की टेल पुढे सरकवल्यावर पूर्ण बॅरियर घालूनच तो फ्लॅग वाचा. लिबयुरिंग ही त्याची लायब्ररी ते तुमच्या वतीने करते. क्यूईएमयूमध्ये (आभासी संगणक चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) एआरएम मशीनवर डिस्क इमेजचा फॉरमॅट बदलताना प्रोग्रॅम अडकायचा, तिथेही दुरुस्ती २०२० मध्ये बॅरियरनेच झाली. या दोन्ही ठिकाणचा कोड आणि त्यावरच्या टिपा वाचा. आठवडा वाचेल.

सिद्ध करून दाखवायचं तर आधी हर्ड७ हा प्रोग्रॅम घ्या. फुकट आहे. चार ओळींचा नमुना लिहून दिला की मेमरी मॉडेलनुसार, म्हणजे प्रोसेसरच्या लिहिण्या-वाचण्याच्या नियमांनुसार, कुठले निकाल शक्य आहेत ते तो सांगतो. आपल्या नमुन्याला त्यात एसबी म्हणतात, म्हणजे स्टोर बफरिंग. बॅरियरशिवाय उत्तर आलं "समटाइम्स", दोन्ही बाजूंना बॅरियर घातल्यावर "नेव्हर". मला यापेक्षा समाधान देणारं आउटपुट वर्षभरात दुसरं मिळालं नाही.

खऱ्या हार्डवेअरवर दाखवायला एप्रिलमध्ये रास्पबेरी पाय ४ हा एआरएमचा छोटा संगणक घेतला. पंखा, केस, कार्ड धरून सात हजारांच्या आत बसला. चाचणी अशी की वर्कर एकच काम ठेवतो आणि लूपने ते उचललं असं कळेपर्यंत पुढे जात नाही, म्हणजे प्रत्येक काम "शेवटचं". लॅपटॉपवर कधी तासाभरात अडकायचं, कधी रात्रभर नाही. पायवर चहा होईपर्यंत अडकायचं. दोन थ्रेड वेगवेगळ्या कोअरवर बांधून ठेवा, एकाच कोअरवर हा बग दिसणं शक्य नाही. त्याच कारणाने आरआर हे रेकॉर्डिंगचं साधन, एरवी कितीही गुणी असलं तरी, इथे निरुपयोगी: ते सगळे थ्रेड एकाच कोअरवर आळीपाळीने चालवतं. आणि सोलापूरच्या एप्रिलमध्ये पंख्याशिवाय पाय चालवू नका. ८० अंशांना तो स्वतःचा वेग कमी करतो आणि तुमच्या आकड्यांना अर्थ उरत नाही. दुपारी लाइट जायची, इन्व्हर्टर घरच्या पंख्यांना आधी लागायचा, म्हणून मोठ्या चाचण्या रात्रीच लावत होतो.

दुरुस्ती स्वतः चिमूटभर. दोन्ही बाजूंना एकेक पूर्ण बॅरियर, आणि वर्करने फ्लॅग नुसता वाचण्याऐवजी एकाच झटक्यात वाचून शून्य करायचा, म्हणजे चौघांनी एकदम हाका मारायच्या नाहीत.

चाचणीचं सगळं सामान हाताशी होतंच म्हणून थ्रेड सॅनिटायझरही (थ्रेडमधल्या चुका शोधणारं साधन) चालवला. प्रोग्रॅम ५ ते १५ पट मंदावतो, तयारी ठेवा. शिवाय तो स्वतंत्र फेन्स (म्हणजे बॅरियरच) समजून घेत नाही, जीसीसी हा कंपायलर तशी वॉर्निंगही देतो. त्याने पहिल्या बगबद्दल अवाक्षर काढलं नाही, कारण तिथे सगळे व्यवहार अटॉमिकच (मध्येच न तुटणारे) होते. पण दुसराच एक बग काढून दिला. एका ठिकाणी थांबणारा थ्रेड म्युटेक्स (एका वेळी एकालाच मिळणारं कुलूप), कंडिशन व्हेरिएबल आणि "झालं" फ्लॅग हे तिन्ही स्वतःच्या स्टॅकवर, म्हणजे फंक्शन संपलं की जाणाऱ्या मेमरीत, ठेवतो. उठवणारा फ्लॅग लावतो, म्युटेक्स सोडतो आणि नंतर सिग्नल देतो. म्युटेक्स सुटला आणि सिग्नल गेला या दोहोंच्या मध्ये थांबणारा आपणहून उठू शकतो, तशी मुभा पॉझिक्स या मानकाने दिलेलीच आहे. त्याला फ्लॅग दिसतो, फंक्शन संपतं, स्टॅक जातो, आणि सिग्नल जातो तो मेलेल्या मेमरीला. उपाय म्हणजे म्युटेक्स हातात असतानाच सिग्नल देणे. "लॉक सोडून सिग्नल दिला की वेग वाढतो" हा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो. वस्तू स्टॅकवर असेल तर तो विसरा.

आता कागदपत्रं. दुरुस्ती मूळ लायब्ररीत जावी असं मला वाटत होतं, नाहीतर प्रत्येक नव्या आवृत्तीत ती पुन्हा शिवत बसावी लागली असती. कंपनीच्या लेटरहेडवर परवानगी घेतली: हा कोड मुक्त परवान्याखाली द्यायला हरकत नाही. तिकडे साइन्ड-ऑफ-बाय ही ओळ खऱ्या नावाने लागते. आपण दिलेला कोड द्यायचा आपल्याला हक्क आहे, असं ते जाहीर करणं असतं, त्यामुळे नोकरीत असाल तर हे पत्र आधी घ्या. कारखान्याच्या मालकांना वेगळीच काळजी होती. लॉगमध्ये डिझाइन फाइलींची नावं होती, आणि डिझाइन हाच त्यांचा धंदा. नावं खोडून देतो म्हटलं तरी त्यांच्या वकिलांना हमीपत्र हवंच होतं. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात अशा कामाला शंभरचा स्टॅम्प पेपर चालत नव्हता, पाचशेचा घ्यावा लागला. तो, नोटरी आणि टायपिंग मिळून हजाराच्या आतबाहेर गेले. मालक परगावी, मग शिक्का सापडेना, असं करत सहीला तीन आठवडे लागले. बग शोधताना झाली नव्हती एवढी चिडचिड मला या काळात झाली.

एप्रिलच्या शेवटी पॅच, म्हणजे कोडमधले बदल, लायब्ररी सांभाळणाऱ्यांना मेलने पाठवले. साधा मजकूरच चालतो, एचटीएमएल मेल तिकडे परत येतो. जीमेल वापरत असाल तर टू-स्टेप चालू करून अ‍ॅप पासवर्ड काढावा लागतो, नेहमीचा पासवर्ड गिट सेंड-ईमेलला, म्हणजे पॅच पाठवायच्या कमांडला, चालत नाही. दोन आठवडे काहीच उत्तर नाही. माणसं आपापल्या नोकऱ्या सांभाळून हे करतात, तेव्हा दोन आठवड्यांनी दोन ओळींची नम्र आठवण पाठवणं रीतसर समजलं जातं. आठवणीनंतर उत्तर आलं, आणि चांगलं कसून आलं. दोन बगांचे दोन पॅच करा. हर्ड७चा नमुना कमिट मेसेजमध्ये, म्हणजे बदलासोबतच्या टिपणात, घाला. प्रत्येक बॅरियरच्या वर, त्याचा जोडीदार दुसऱ्या बाजूला कुठे आहे ते लिहा. फिक्सेसच्या ओळीत, बग ज्या जुन्या कमिटमधून आला त्याच्या ओळखक्रमांकाची पहिली बारा अक्षरं द्या. आणि एक प्रश्न: बॅरियरचा खर्च नको म्हणून मेमबॅरियर ही सिस्टिम कॉल का वापरली नाही? त्यावर मोजून आकडे दिले. एका बॅरियरला दोन आकडी नॅनोसेकंद, आणि ज्याच्यामागे तो येतो त्या एफसिंकला मिलिसेकंद. एवढ्यासाठी कोड अवघड करण्यात राम नाही, हे त्यांनाही पटलं.

जूनमध्ये दुसरी आवृत्ती पाठवली, जुलैत दोन्ही पॅच स्वीकारले गेले. त्या आठवड्यात अण्णांचं मशीन नव्या कोडवर नेलं. एक सेकंदाची मुदत आणि ती ठळक ओळ मी काढलेली नाही, फक्त आता ती ओळ उमटत नाही.

हे सगळं वाचताना रिव्ह्यू करणाऱ्यांच्या नजरेत आणखी एक गोष्ट आली, तिचं काम सध्या चालू आहे. बंद होताना लूप इव्हेंटएफडी बंद करतो. एखादा वर्कर नेमका तेव्हाच हाक मारायच्या बेतात असेल आणि तोच नंबर नव्याने उघडलेल्या फाइलीला मिळाला असेल, तर हाकेचे आठ बाइट गिऱ्हाइकाच्या फाइलीत जाऊन पडतील. वर्कर थांबले याची खात्री झाल्यावरच इव्हेंटएफडी बंद करायचा, असा पॅच पाठवलाय. त्याच्या पहिल्या आवृत्तीवर उत्तर यायचंय. या वेळी हमीपत्र लागणार नाही, कारण चाचणी घरच्या फाइलींवरच करतोय.